फुप्फुस-प्रतिरोपणानंतरचे रक्तवाहिनी-निदान

दिनांक ११ जून १९६३ रोजी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी मानवी फुप्फुसाचे पहिले प्रतिरोपण केले. रुग्ण १८ दिवस जगला. दीर्घकालीन यश मात्र १९८३ साली टोरांटो येथे डॉ. जोएल कूपर यांना लाभले.

या शस्त्रक्रियेत श्वासनलिकेची शाखा, फुप्फुस-रोहिणी आणि डाव्या अलिंदास मिळणाऱ्या फुप्फुस-नीला असे तीन जोड शिवावे लागतात. नीलेचा जोड अरुंद झाला किंवा तेथे गुठळी जमली, म्हणजे रक्त तुंबून फुप्फुसात पाणी साचते. क्ष-किरण-चित्रात हीच छाया नव्या फुप्फुसाच्या प्रारंभिक इजेमुळे अथवा शरीराने ते नाकारल्यामुळेही दिसते. अस्वीकारावर औषध चालते. अरुंद जोडावर ते निष्फळ ठरते, आणि दरम्यान फुप्फुस दगावते.

जोड प्रत्यक्ष पाहण्याची विद्या प्रतिरोपणाहून जुनी आहे. १९२९ मध्ये फोर्समान यांनी स्वतःच्या हृदयात नळी सरकवली. १९३१ मध्ये लिस्बन येथे मोनिझ यांनी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांचे चित्रण केले. नळीने जोडाच्या दोन्ही बाजूंचा दाबही मोजता येतो. परंतु अत्यवस्थ रुग्णास त्यासाठी हलविणे धोक्याचे असते.

अन्ननलिका डाव्या अलिंदाच्या लगत मागे असल्याने तीत उतरविलेल्या ध्वनिलहरी-यंत्राने नीलांचे जोड रुग्णशय्येवरच, किंबहुना शस्त्रक्रिया चालू असतानाच, तपासता येऊ लागले. डाव्या रोहिणीचा जोड मात्र हवेने भरलेल्या श्वासनलिकेआड दडतो, तेथे सी. टी. चित्रण उपयोगी पडते. तथापि यांपैकी कोणतीही तपासणी होण्यापूर्वी, दोष जोडात असू शकेल, ही शंका वैद्याच्या मनात यावी लागते.