बिदरी : काळ्या धातूवरचे रुपेरी काम

आमच्या घरी दादीचे एक उगालदान होते. काळे, जड, अंगावर चांदीची बारीक पाने. दादी गेली आणि ते पलंगाखाली गेले. पुढे जोगेश्वरीची आमची चाळ पाडावयाची ठरली, तेव्हा सामान कमी करताना ते भंगारवाल्याच्या तराजूवर चढले. त्याने पितळेचाही भाव दिला नाही. जस्त म्हणून घेतले. मी त्या वेळी बी.एड. करीत होतो, विषय इतिहास, आणि त्या दिवशी घरातच होतो! दोन वर्षांनी हैदराबादेस एका लग्नाला गेलो असता सालारजंग संग्रहालयात काचेआड तशीच भांडी पाहिली आणि मान खाली गेली. तेव्हापासून या विषयामागे लागलो आहे.

या कामाला बिदरी म्हणतात, बिदर शहरावरून. बिदर आज कर्नाटकात असले तरी ते लातूर-नांदेडच्या शेजारचे. भालकी, औराद या भागांत मराठी घरोघरी बोलली जाते. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहाने गुलबर्ग्याहून राजधानी येथे आणली. त्या काळात इराणकडील कारागिरांबरोबर ही कला आली, असे परंपरा सांगते. मात्र आज संग्रहालयांत दिसणारे जुने नग सतराव्या शतकापासूनचे आहेत. परंपरा आणि पुरावा यांतला हा फरक विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानी ठेवावा.

भांडे बनते कसे? धातूत मुख्यतः जस्त, त्यात थोडे तांबे. साधारण सोळास एक असे प्रमाण सांगतात. मातीच्या साच्यात ओतून, कानसीने घासून नग गुळगुळीत करतात. मग मोरचुदाचे पाणी लावून तो तात्पुरता काळा करतात, म्हणजे त्यावर टोकाने काढलेली नक्षी स्पष्ट दिसते. छिन्नीने रेषा कोरून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवितात. तारेच्या कामाला तारकशी म्हणतात. पुन्हा घासल्यावर सर्व नग करडा-पांढरा दिसतो. चांदी कुठे आणि जस्त कुठे हेही कळत नाही. खरी करामत यापुढे आहे. बिदरच्या किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊन-पाऊस न लागलेल्या जागेची माती आणि नवसागर पाण्यात कालवून तापविलेल्या भांड्यावर चोळतात. जस्ताचा भाग कायमचा काळा होतो, चांदी मात्र तशीच राहते. शेवटी तेलाचा हात. माती योग्य आहे की नाही, हे कारागीर जिभेवर ठेवून ओळखतात. प्रयोगशाळेत शिकणाऱ्या आमच्या मुलांना हे ऐकून हसू येते. पण त्या मातीतील क्षारांवरच सारे अवलंबून असते.

हे काम मुसलमानांनी केले तसे हिंदूंनीही केले. दुर्दैव असे की जुन्या नगांवर करणाऱ्याचे नाव बहुधा नसते. विकत घेणारा नबाब इतिहासात आला, कोरणारा हात आला नाही. २०२३ साली बिदरचे शाह रशीद अहमद कादरी यांस पद्मश्री मिळाली, तेव्हा निदान एका कारागिराचे नाव देशाने घेतले.

नगाचे वय आकारावरूनही अदमासता येते. हुक्क्याचे जुने भांडे गोल, चुंबळीवर ठेवावे लागणारे. अठराव्या शतकात घंटेसारखे, आपल्या बुडावर उभे राहणारे भांडे रूढ झाले. पुढे हुक्का मागे पडला, दरबार संपले, आणि कारागीर साहेबलोकांसाठी तबके व फुलदाण्या करू लागले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात बिदरी भांडी मांडली गेली होती. म्हणजे परदेशी बाजाराला तिची किंमत आपल्या भंगारवाल्याच्या किती आधी कळली होती, पाहा!

आपल्या मुंबईत जुन्या वस्तूंचा व्यापार म्हटला की मटन स्ट्रीटचा चोरबाजार. तेथे खरे असते, तसे नव्याचे जुने केलेलेही असते. बिदरीला लोहचुंबक चिकटत नाही, ती गंजत नाही, आणि हातून पडली तर तडकते. चुंबक चिकटला, तर दुकानदाराची गोष्ट ऐकत बसू नये.

पालकबंधूंनी कायदाही जाणून घ्यावा. १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. १०० वर्षे झालेली कलाकुसरीची वस्तू ही पुरावस्तू. महत्त्वाच्या हस्तलिखितांस ७५ वर्षे पुरेत. ती घरात ठेवण्यास मनाई नाही, देशात विकण्यासही नाही. मात्र तिचा धंदा करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे मुलगे-भाऊ आखातात आहेत. दादीचा पानदान भेट म्हणून बॅगेत घालण्यापूर्वी त्याचे वय विचारा. गुन्हा शाबीत झाल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

आमच्या उगालदानाचे वय कोणी विचारलेच नव्हते. परवा फुफीने सांगितले, की वालिदांनी लहानपणी खिळ्याने त्यावरचे एक चांदीचे पान उपटले होते आणि दादीचा मारही खाल्ला होता. ती जागा तशीच काळी राहिली. मटन स्ट्रीटला गेलो की मी अजून प्रत्येक उगालदान फिरवून पाहतो.