शॉकअपची मजुरी आणि धावेचं बलुतं



मागच्या आठवड्यात पिकअपचे मागचे दोन्ही शॉकअप बदलले. जोडीचे 2,600 रुपये, मजुरी 700, वेळ गेला साडेतीन तास. मिस्त्री म्हणाला होता, "तात्या, चहा पिऊन या, तासाभरात गाडी देतो." एका बाजूचं काम खरंच वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या बाजूचा खालचा नट गंजून असा धरला होता की डिझेल ओतून अर्धा तास ठेवला तरी हलेना. शेवटी शेजारच्या वेल्डिंगवाल्याला बोलावून कापला. त्याचे 200 त्या 700 मध्येच आले. मी बाकड्यावर बसून होतो. बसल्या बसल्या डोक्यात आलं की आपल्या आज्ज्याच्या गाडीचं काम सुताराकडं, लोहाराकडं निघायचं तेव्हा किती वेळ जायचा आणि काय द्यावं लागायचं? तेच आज लिहितोय. पेरणीचं, फवारणीचं आज काही नाही.

आधी आमच्याच भागातली एक गोष्ट, जी टेंभुर्णीच्या कितीतरी लोकांना ठाऊक नसते. 1830 च्या दशकात इंग्रजांच्या जमीन मोजणीचं काम पुणे-सोलापूर भागात चालू झालं. गोल्डस्मिड आणि विंगेट हे साहेब इंदापुरात बसून शेतसाऱ्याचे दर ठरवत होते. त्याच मोजणी खात्यात गेसफोर्ड नावाचा एक लेफ्टनंट होता. त्यानं टेंभुर्णीला सुधारलेल्या बैलगाड्यांचा कारखाना घातला. त्याआधी आपल्या मुलखात गाड्या फार थोड्या. ज्या होत्या त्या भरीव, बोजड चाकांच्या, बड्या असामीच्या दारात उभ्या. बाकी सगळा माल लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून जायचा. आरे असलेल्या चाकाची, हलकी, साध्या कुणब्याच्या दोन बैलांना ओढता येईल अशी गाडी आपल्याकडं पसरली ती त्या काळापासून. आज त्याच टेंभुर्णीत हायवेच्या कडेला गॅरेजची रांग आहे. माझे शॉकअप तिथंच बदलले.

पण त्या सुधारलेल्या गाडीलाही स्प्रिंग नव्हती बरं का. इंग्लंडात ओबादाया इलियट नावाच्या माणसानं 1804 साली घोडागाडीच्या कमानी पाट्याचं पेटंट घेतलं होतं. म्हंजे पाटे जगाला ठाऊक होते. आपल्याकडंही टांग्याला पाटे आले. बैलगाडीला मात्र कुणी लावले नाहीत. लहानपणी मला वाटायचं, आपली माणसं मागास म्हणून. आता तसं वाटत नाही. टांग्यात माणूस बसायचा, तो कण्हतो. बैलगाडीत काय असायचं? शाळूची पोती, कडबा, करडई, कापूस, शेणखत. ह्यातलं काय आदळून खराब होतंय? ज्वारीचं पोतं टेंभुर्णीहून बार्शीला खडकाळ वाटेनं नेलं तरी दाण्याला काही होत नाही. धक्का खायचा तो चाकानं, आखानं आणि बैलाच्या खांद्यानं. खांदा सुजला की हळद-तेल लावायचं, तोच आपला शॉकअप.

धक्का चाक खायचं म्हणून झीजही चाकाचीच. जुन्या चाकाला मधी तुंबा, त्यात आरे, वरून लाकडी पुठे आणि त्यावर लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड वाळून आक्रसलं की धाव ढिली पडायची, चाक खडखडायचं. मग धाव काढून, तोडून थोडी आखूड करून परत चढवायची. मी पाचवी-सहावीत असताना आमच्या आळीत हे काम बघितलंय. आदल्या दिवशी सुतार येऊन आरे ठोकून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे गोवऱ्यांचा गोल रचून त्यात धाव ठेवायची. लाल झाली की चार माणसं लांब सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, वरून घण, आणि लगेच पाणी. लोखंड आवळतं, चाक कड् कड् वाजतं, सगळे सांधे गच्च. आम्ही पोरं पाण्याच्या घागरी द्यायला. दोन चाकांना दोन दिवस सहज जायचे. घरातली चार माणसं त्यात अडकायची ती वेगळी.

ह्या कामाची मजुरी किती? रोख काहीच नाही. सुतार-लोहाराचं बलुतं असायचं. सुगीला खळ्यावर यायचं, ठरल्या मापानं ज्वारी आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन जायचं. त्या वर्षात तुमची धाव एकदा ढिली पडो नाहीतर तीनदा, माप तेच. तासाचा हिशेब कुणी करत नव्हतं. लोक आता ह्याचं लय कौतुक करतात. मी करत नाही. दुष्काळी सालात खळंच भरलं नाही तर लोहारानं काय खायचं? 1972 ला आमच्या आळीतला लोहार आणि माझे वडील एकाच रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होते. वडील सांगायचे, घण मारायची सवय त्यालाच होती, पण मोजणीत त्याचा ढीग काही मोठा भरायचा नाही, पोटात सुकडीशिवाय काही नसायचं. आमच्या तालुक्यातले कितीतरी रस्ते त्या दुष्काळातले आहेत. त्याच रस्त्यांवर पुढं टेम्पो आले आणि लोहाराचा भाता थंड झाला.

बार्शीच्या छोट्या रेल्वेचं इथं सांगितलं पाहिजे. मोठी रेल्वे सोलापूरला 1860 साली आली. बार्शीचा कापूस मात्र बैलगाडीनंच स्टेशनपर्यंत. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरनं 1897 ला बार्शी ते कुर्डुवाडी अडीच फुटी लाईन चालू केली. पुढं ती पंढरपूर, लातूर आणि शेवटी 1927 ला मिरजेपर्यंत गेली. ह्या माणसाची अक्कल अशी की प्रत्येक आसावर सारखा भार, 5 टनाच्या वर नाही. त्यामुळं हलक्या रुळावरनं भरपूर माल जायचा. मी हे वाचलं तेव्हा आपल्या पिकअपवाल्यांची आठवण आली. आपण सगळा भार मागच्या आसावर टाकतो आणि रस्त्याला शिव्या देतो.

बैलगाडीला पहिली मऊ गोष्ट लागली ती हवेचं टायर. डनलॉपचा कारखाना 1936 ला बंगालमध्ये साहागंजला झाला. ह्या गाडीला आपण आजही डनलॉप गाडीच म्हणतो, टायर कुठल्याही कंपनीचं असो. सोलापूर जिल्ह्यात ती खरी पसरली उसामुळं. माळीनगरचा कारखाना 1930 च्या दशकातला, मग अकलूजकडचे सहकारी कारखाने, आणि 1980 ला उजनीचं धरण झाल्यावर तर विचारूच नका. टायर आलं, बेअरिंग आलं, धाव गेली. धाव गेली तसा लोहार गेला आणि पंक्चरवाला आला. पंक्चरवाल्याला बलुतं नाही. एका पंक्चरचे एवढे पैसे, रोख. माझ्या समजुतीनं आपल्याकडं गाडीच्या कामाचा हिशेब "उक्ता" झाला तो इथून.

आता शॉकअपकडं येतो. हे नाव आपण लावलंय, पण नावात थोडी गफलत आहे. धक्का शॉकअप खात नाही, धक्का पाटा खातो. पाटा दबतो आणि परत उसळतो. उसळला की परत दबतो. ही वरखाली थांबवायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, दट्ट्याला बारीक भोकं असतात, त्यातनं तेल जाताना जोर लागतो आणि उसळीची ताकद तेल गरम होण्यात जाते. गेल्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये आधी घर्षणावर चालणारे, मग हुदाय नावाच्या माणसाचे तेलाचे असे शॉकअप निघाले. फोर्डच्या 1908 च्या मॉडेल टी गाडीला शॉकअपच नव्हते. 1927 च्या मॉडेल ए ला आले. आपल्याकडं महिंद्रानं विलीज जीप जोडायला सुरुवात केली ती 1947 ला. तिला पुढं-मागं पाटे आणि सोबत तेलाचे शॉकअप. आज माझ्या पिकअपच्या मागं वाकून बघाल तर मांडणी तीच आहे. शॉकअप देशात बनवणारी गॅब्रिएल कंपनी 1961 ची. मग आकुर्डीचे टेम्पो, 1986 ला टाटा 407, 2005 ला टाटाचा छोटा हत्ती. माझी पिकअप त्याच्या नंतरची, जुनीच घेतलेली.

आणि इथं माझी चूक सांगतो.

दोन वर्षांमागं कांद्याच्या सीझनला जास्त माल बसावा म्हणून मी मागं दोन्ही बाजूला एकेक जादा पाटा टाकून घेतला. गाडी मागून उचलली गेली, मी खूश. झालं काय, रिकामी असताना गाडी दगडासारखी उडायची. पाटा कडक झाला की त्याची उसळी जोराची, आणि तो आवरायला शॉकअप जुनाच, नेहमीच्या पाट्याच्या हिशेबाचा. गाडी उंच झाली म्हणून तो आधीच ताणलेला, प्रत्येक खड्ड्याला शेवटपर्यंत ओढला जाणार. सील फाटलं, तेल गळलं. धुळीनं काळं पडलेलं ते तेल मी रोज बघत होतो आणि म्हणत होतो, ग्रीस असेल.

आता शेतात कांद्याच्या जागी डाळिंब आहे. ह्या बहाराचा पहिला तोडा पोरगा पुण्याला घेऊन गेला. अडत्यानं 14 कॅरेट बाजूला काढले. फळ वरून बरं, पण दाबाचे डाग, कापलं तर दाणे आतून काळपट. 110 चा माल 45 नं गेला. 14 कॅरेट म्हंजे 280 किलो, किलोमागं 65 रुपये, हिशेब 18,200 चा. मी पोराला चार माणसांत बोललो. म्हणालो, गाडी मारतोस, फोनवर बोलत चालवतोस. पोरगं एकदाच म्हणालं, "अण्णा, गाडी मागनं नाचतीय, तुम्ही एकदा चालवून बघा." मी ऐकलं नाही. दुसऱ्या तोड्याला मी स्वतः गेलो, पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही, तरी 11 कॅरेट बाजूला. तेव्हा कुठं गाडी मिस्त्रीकडं नेली. त्यानं मागच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडलं. गाडी चार-पाच वेळा हलत राहिली. म्हणाला, "ही एका हलण्यात थांबायला पाहिजे." त्याला बघायला अर्धा मिनिट लागला.

मजुरीचं विचारत असाल तर माझा अनुभव असा. पाट्याच्या गाडीला मागचे शॉकअप म्हंजे वर एक नट, खाली एक नट. भार पाट्यावर असतो, त्यामुळं चाक काढायचीही गरज पडत नाही. नट सुटत असतील तर जोडीला तास. गंजले असतील तर काही नेम नाही. कारला पुढं स्प्रिंगच्या आत शॉकअप असतो, तिथं स्प्रिंग दाबायचं हत्यार लागतं, वेळ दुप्पट-तिप्पट आणि घरी हात घालायचं काम नव्हे. कंपनीच्या वर्कशॉपात प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात, मिस्त्रीला कमी लागो नाहीतर जास्त, बिल तेवढ्याच तासांचं. रस्त्यावरचा मिस्त्री उक्तं सांगतो. ह्या वेळी साडेतीन तास राबून त्यानं 700 च घेतले, त्यातले 200 वेल्डिंगवाल्याचे. गंजलेल्या नटाचा तोटा त्यानं सोसला. मी वर 100 द्यायला लागलो तर घेईना, मग दोन डाळिंबांची पिशवी दिली ती घेतली. ज्वारीचं माप नाही, पण चालायचंच.

एकच शॉकअप गळत असला तरी जोडीच बदला, नाहीतर गाडी एका अंगाला नाचते. रबरी बुश नवे टाका. नव्या नटाला ग्रीस लावायला सांगा, पुढच्या वेळी तुमचेच दोन तास वाचतील. नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली शिरू नका, कुणालाही शिरू देऊ नका. मी ते जादा पाटेही काढून टाकले, त्याची मजुरी अजून द्यायची आहे, गाडी परवा परत न्यायचीय यू-बोल्ट आवळायला.

तिसरा तोडा काल गेला. पोरानंच नेला. कॅरेट 52, बाजूला निघाले 2, तेही तोडणीतलेच डाग. पोराला मी अजून काही बोललो नाही, त्यानं ही पोस्ट वाचली तर वाचू दे.