रॉक अल्बमची समीक्षा, मुंबईतील

मुंबईतील स्वतंत्र रॉक बँडांच्या अल्बमबद्दल नियतकालिके, वृत्तपत्रे आणि जाणकार श्रोते यांनी दिलेले अभिप्राय व त्यामागचे निकष. हे बँड चित्रपटसंगीताच्या बाहेर राहून, बहुतांशी इंग्रजीत गातात आणि पुष्कळदा पदरमोड करून अल्बम काढतात. त्यांच्या अल्बमची दोन बाहेरच्या मापांनी पारख होत आली : पाश्चात्त्य रॉकशी ते किती बरोबरी करतात आणि त्यांत भारतीय असे काय आहे. अल्बमला त्याच्या स्वतःच्या गुणांवर जोखणारे लेखन उशिरा आले आणि थोडेच झाले.

१९८० च्या दशकापर्यंत बहुतेक बँड परदेशी गाणी वाजवत. नक्कल हुबेहूब साधली की दाद मिळे. स्वतःचे गाणे सुरू झाले की श्रोते चुळबुळ करू लागत. ही सवय मोडण्यात १९८४ मध्ये स्थापन झालेल्या रॉक मशीन या बँडाचा वाटा मोठा आहे. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ (१९८८) आणि ‘द सेकंड कमिंग’ (१९९०) या अल्बममध्ये त्यांनी स्वतःची गाणी दिली. १९९३ मध्ये बँडाने इंडस क्रीड हे नाव घेतले आणि त्याच्या संगीतात भारतीय वाद्यांनाही जागा मिळाली. याच दशकात त्यांच्या ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातील प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला. पुढे बँड फुटला, २०१० च्या सुमारास पुन्हा एकत्र आला आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम निघाला. त्याचे मिक्सिंग टिम पामर यांनी केले. पर्ल जॅम या अमेरिकन बँडाच्या ‘टेन’ या अल्बमचे मिक्सिंग त्यांचेच. भारतीय रॉक अल्बमचा आवाज पातळ लागतो, ही वर्षानुवर्षांची तक्रार या निवडीमागे दिसते आणि ती रास्त होती. मात्र ‘इव्हॉल्व्ह’ ऐकावा तो बँडातील उदय बेनेगल यांचा गळा आणि महेश तिनईकर यांची गिटार मधल्या वर्षांत कशी पिकली, यासाठी.

छापील समीक्षेला नियमित घर मिळाले ते मुंबईबाहेर. अमित सैगल यांनी १९९३ मध्ये अलाहाबादेत ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ सुरू केले आणि मुंबईच्या बँडांची दखल तिथून घेतली जाऊ लागली. मुंबईत ‘टाइम आउट’ची आवृत्ती २००४ मध्ये आली, ‘रोलिंग स्टोन’ची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये. तोवर, आणि त्यानंतरही, अल्बमचा पहिला निवाडा गिगमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कार्यक्रमातच होई. फरहाद वाडिया यांनी १९८६ मध्ये सुरू केलेला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव धोबी तलावजवळच्या रंगभवनात भरे. तिथली गर्दी कडक होती; न आवडलेल्या बँडाची ती हुर्यो उडवी. रंगभवन शांतता क्षेत्रात आल्याने तिथले कार्यक्रम थांबले. पुढे हा महोत्सव अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला आणि रॉकचा श्रोता उपनगरात राहतो ही गोष्ट उघड झाली. जुहूचे रॅझबेरी ऱ्हायनोसरस, पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवातील बँडस्पर्धा, अंधेरीचे बी-६९, खारचे अँटीसोशल ही या श्रोत्यांची इतर ठिकाणे होती. इथे गाणे आधी अनेकदा वाजे आणि अल्बम मागून येई. त्यामुळे समीक्षकाच्या हाती सीडी पडेपर्यंत गाण्यांबद्दलचे मत पक्के झालेले असे, आणि लेखी परीक्षणात अल्बमऐवजी गिगच्या आठवणीचीच तुलना डोकावे.

चित्रपटसंगीताचे सान्निध्य हा या समीक्षेतला सर्वांत अवघड भाग आहे. जिंगल आणि चित्रपटांची कामे यांवर अनेक रॉक वादकांचा चरितार्थ चालतो. पेंटाग्राम या बँडाचे गायक विशाल ददलानी हे विशाल-शेखर या संगीतकार जोडीतले. पेंटाग्रामने ‘अप’ (२००२) या अल्बममध्ये इलेक्ट्रॉनिक संगीताकडे वळण घेतले, २००५ मध्ये इंग्लंडमधील ग्लास्टनबरी महोत्सवात कार्यक्रम केला आणि २०११ मध्ये ‘ब्लडीवूड’ काढला. ददलानींच्या चित्रपटांतील यशाच्या सावलीत हा अल्बम वाचण्याचा मोह सहज होतो. अशा वाचनाने बँडातील रँडॉल्फ कोरिया यांच्या गिटारवर अन्याय होतो.

परदेशी मान्यतेचे ठळक उदाहरण मेटलमधले आहे. साहिल मखिजा यांच्या डीमॉनिक रेझरेक्शनचा ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) कँडललाइट या ब्रिटिश कंपनीने बाहेर पोचवला आणि त्याच वर्षी बँडाला ‘मेटल हॅमर’ मासिकाच्या गोल्डन गॉड्स सोहळ्यात ग्लोबल मेटल पुरस्कार मिळाला. विष्णूच्या अवतारांवरचा ‘दशावतार’ (२०१७) हा त्यांचा नंतरचा अल्बम भारतीयपणाच्या प्रश्नाला थेट भिडतो. तबला-सतार जोडली की रॉक भारतीय होतो, या सोप्या समजुतीपेक्षा कथावस्तूतून आलेले हे उत्तर अधिक भरीव आहे.

मराठीत या अल्बमवर सलग लेखन जवळजवळ नाही. नाटक, भावगीत आणि शास्त्रीय गायन यांची कसून चिकित्सा करणाऱ्या भाषेत ही उणीव मोठीच आहे. तिचे एक उदाहरण पाहावे : रंगकर्मी आत्माराम व आशा भेंडे यांचे पुत्र नंदू भेंडे मराठी रसिकांना ‘तीन पैशाचा तमाशा’मधील (१९७८) गायक-नट म्हणून ठाऊक आहेत. १९७० च्या दशकात ते ज्या अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट या मुंबईच्या बँडात गात, त्याचा अल्बम बँड विस्कटल्यावर, १९८१ मध्ये निघाला आणि विस्मरणात गेला. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी तो शोधून काढला, आणि २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने त्या बँडाचे ध्वनिमुद्रण नव्याने प्रसिद्ध केले. भेंडे यांचे निधन २०१४ मध्ये झाले.