मुकादमाची खुर्ची की कामगाराची? एचआरमध्ये जाणाऱ्या गोंदियाच्या तरुणांनी वाचावा असा इतिहास

सकाळी मोबाईल उघडला की एचआरच्या नोकरीत असलेल्या आमच्या तरुणांना पहिला संदेश येतो तो प्रेरणेचा. उगवत्या सूर्याचे चित्र, खाली एखाद्या उद्योगपतीचे वाक्य आणि सल्ला एकच : सकारात्मक राहा, स्वतःला घडवा, प्रगती होईल. दुपारपर्यंत तो संदेश विसरला जातो. कारण दुपारी समोर ठेकेदाराचा माणूस बसलेला असतो, हजेरीपटावर नसलेली दहा माणसे गेटवर उभी असतात आणि साहेबाचा फोन आलेला असतो की हे प्रकरण आजच मिटवा.

आमगाव, तिरोडा, गोरेगाव, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा या तालुक्यांतील आमची मुले-मुली आज एमएसडब्ल्यू, एमबीए करून नागपूर, पुणे, रायपूरकडे जातात आणि एचआर म्हणून लागतात. त्यांतल्या अनेकांच्या घरात टेबलाच्या त्या बाजूला बसणारे ते पहिलेच. त्यांना आम्ही सांगू इच्छितो की तुमची प्रेरणा त्या चित्रात नाही, तुमच्या आजीच्या सुपात आहे. तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा ठेवलेल्या सुपात. एचआर या पेशाचा आपल्या भागातला खरा इतिहास तिथून सुरू होतो.

आधी हा पेशा आला कुठून ते पाहू. एचआर हे नाव नवे आहे, पण माणसे कामावर घेणारा आणि काढणारा माणूस जुनाच आहे. त्याचे नाव होते मुकादम. गिरणीत, खाणीत, रेल्वेत भरती त्याच्या हातात. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आणायचा, कामावर लावण्यासाठी पैसे घ्यायचा आणि मर्जी फिरली की काढून टाकायचा. ब्रिटिश सरकारने १९२९ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि भरतीसाठी स्वतंत्र लेबर ऑफिसर नेमा अशी शिफारस केली. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, त्यालाच आज आपण टिस म्हणतो. कामगार कल्याण हा शिकण्याचा विषय झाला.

पण मुकादमाचा भ्रष्टाचार दिसणे वेगळे आणि मुकादमाची जात दिसणे वेगळे. ती बाबासाहेबांनी दाखवली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही मांडणी त्यांनी तिथेच केली. ही परिषद एवढ्यासाठीच लक्षात ठेवली जाते. आम्ही म्हणतो की एचआरमध्ये जाणाऱ्याने त्या भाषणातला भरतीचा भाग आधी समजून घ्यावा. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. त्याला पोर्टर का करत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. कापड गिरणीत विणकाम खाते जास्त पगाराचे. तिथे आमचा माणूस का नाही? कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो. काम येते की नाही हा प्रश्नच नव्हता. जात विचारली जात होती आणि उत्तर पगारपत्रकात उमटत होते. आजच्या भाषेत बोलायचे तर बाबासाहेबांनी त्या दिवशी भरती आणि बढतीचे ऑडिट केले.

आता गोंदियाकडे येऊ. रेल्वेचे जंक्शन, आजूबाजूला तेंदूचे जंगल आणि हाताला काम नसलेली शेतमजुरांची वस्ती. विडीच्या धंद्याला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी इथे मिळाल्या. गोंदिया, तुमसर, भंडारा, कामठी या पट्ट्यात विडी कारखाने उभे राहिले आणि आमच्या वस्त्यांतील बायाबापड्या विड्या वळू लागल्या. मालक आणि मजूर यांच्या मध्ये असायचा सट्टेदार. पाने आणि तंबाखू मालकाकडून तो आणणार, घरोघरी वाटणार, तयार विड्या गोळा करून पोहोचवणार. मजुरी हजाराच्या हिशेबाने. त्यातही छाट. विडी बारीक आहे, सैल आहे, पान फाटके आहे म्हणून बाजूला काढायची आणि तिची मजुरी द्यायची नाही. पान खराब देणारा मालक, विडी नापास करणारा मालक, तोटा मात्र वळणाऱ्या बाईचा. आणि या बाईचे नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही. मालक म्हणायचा, मी तिला ओळखत नाही, सट्टेदाराला विचारा.

आजच्या ठेकेदारी पद्धतीशी याचे साम्य कुणाला दिसत नसेल तर त्याने आपल्या कंपनीचा गेट पास एकदा नीट वाचावा.

या बायकांनी काय केले? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या मोहन पार्कवर अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेबरोबर महिलांची परिषद झाली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. त्या परिषदेने घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध हे ठराव केले, ते आपल्याला माहीत असतात. पण तिथेच आणखी ठराव झाले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या स्त्रियांना पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावे. स्त्रिया काम करतात तिथे देखरेखीला स्त्रियाच नेमाव्यात. मित्रांनो, याला आज काय म्हणतात? लिव्ह पॉलिसी, कॉम्पेन्सेशन, सुपरअॅन्युएशन, महिला सुरक्षा. मॅनेजमेंटच्या वर्गात शिकवायला येण्याआधी आपल्या आया-आज्यांनी हे मैदानावर मांडले होते. एचआर आपल्यासाठी परका पेशा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा ठराव ध्यानात ठेवावा.

त्याच महिन्यात बाबासाहेबांनी व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री म्हणून सूत्रे घेतली. पुढची चार वर्षे म्हणजे १९४६ च्या मध्यापर्यंत त्यांनी काय केले त्याची यादी मोठी आहे, आम्ही फक्त या पेशाशी संबंधित गोष्टी सांगतो. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या थेट भरतीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या, १९४६ मध्ये त्या १२.५ टक्के झाल्या. त्याच वर्षी कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. युद्धाच्या अखेरीस त्यांच्या खात्याखाली सेवायोजन कार्यालये उभी राहिली, म्हणजे नोकरीचा रस्ता मुकादमाच्या ओसरीवरून काढून सरकारी नोंदवहीत आणला गेला. एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. तो कायदा १९४८ मध्ये झाला आणि त्याच्या अनुसूचीत विडीचे काम नाव घेऊन घातले गेले. हजारावर मजुरी ठरवण्याची मालकाची मनमानी कायद्याच्या चौकटीत आली, ती अशी.

१९४८ च्याच कारखाने कायद्यातील कलम ४९ ने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. आजच्या एचआरच्या खुर्चीचा हा कायदेशीर पाया. या पदाचे नियम पाहा. अनेक राज्यांच्या नियमांत या अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा आली पाहिजे अशी अट आहे. कामगाराविरुद्ध व्यवस्थापनाची बाजू घेऊन त्याने कोर्टात उभे राहू नये अशीही अट आहे. म्हणजे हे पद जन्माला आले तेव्हा ते मालकाच्या वकिलाचे नव्हते. दोघांच्या मध्ये उभे राहून कामगाराचे गाऱ्हाणे वर पोहोचवणाऱ्याचे होते.

तरी विडी मजुराची लढाई संपली नव्हती. मालकांनी कोर्टात एकच प्रश्न धरून ठेवला : हा माणूस आमचा कामगार आहे का? १९५८ मध्ये सागरच्या एका विडी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सट्टेदार हे कामगार नसून स्वतंत्र ठेकेदार आहेत असे ठरवले. नागपूरच्या एका विडी कारखान्यातील मजुरांनी रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला, हे हवे तेव्हा येतात, हवे तेव्हा जातात, माझे यांच्यावर नियंत्रणच नाही. तिथे न्यायालयाने मजुरांच्या बाजूने निकाल दिला. कारण काय? खराब विडी नापास करण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजे कामावर देखरेख त्याचीच आहे. ज्या छाटेने मजुरी कापली, तीच छाट मालकाविरुद्धचा पुरावा ठरली! पण काही काळातच दुसऱ्या एका खटल्यात निकाल उलटा गेला. अखेर १९६६ मध्ये विडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. छाटेवर बंधन आले. बाळंतपणाच्या लाभाचा कायदा तिला लागू झाला. मालक पुन्हा कोर्टात गेले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा कायम ठेवला. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधी आला, त्यातून दवाखाने चालले, मुलांना शिष्यवृत्त्या मिळाल्या. आज जे एचआर झाले आहेत त्यांच्यापैकी किती जणांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च त्या निधीतून झाला, हे ज्याचे त्याने घरी विचारून पाहावे.

१९४२ चा ठराव आणि १९६६ चा कायदा यांत २४ वर्षे गेली. एका बाईचे नाव हजेरीपटावर यायला एवढा काळ लागला. तुमच्या कॉम्प्युटरवर तेच काम एका क्लिकवर होते. ही ताकद लहान आहे असे समजू नका.

इथे काही कार्यकर्ते आक्षेप घेतील. एचआर म्हणजे शेवटी मालकाचा पगारी माणूस, त्याच्याकडून काय होणार? आक्षेप खोटा नाही. कंपनीच्या पगारावर जगणारा माणूस कंपनीविरुद्ध मोर्चा काढू शकत नाही, आणि संघटनेचे काम संघटनेलाच करावे लागेल. पण ती खुर्ची रिकामी राहत नाही. आपण बसलो नाही तर मुकादमाचा वारस बसतो. आणि आपण बसूनही मुकादमासारखेच वागलो, तर आडनाव बदलले, पद्धत तीच राहिली. म्हणून प्रश्न खुर्ची घ्यावी की नाही हा नाही. तिचे दोन पूर्वज आहेत, मुकादम आणि कल्याण अधिकारी. आपण कोणाचा वारसा चालवणार, हा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आजचा आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९४८ चा कारखाने कायदा आणि १९६६ चा विडी कायदा त्यांत विलीन झाले. कल्याण अधिकाऱ्याची अट ५०० वरून २५० कामगारांवर आली, म्हणजे ही पदे वाढायला हवीत. दुसरीकडे स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० कामगारांपासून पुढे आहे, पूर्वी केंद्रीय कायद्यात ती १०० पासून होती. लहान कारखान्यातील कामगाराचे संरक्षण पातळ झाले. विडी कल्याण निधीसाठीचा उपकर तर २०१७ मध्ये जीएसटीबरोबरच बंद झाला. अशा वेळी कायदा वाचलेला माणूस आत असणे आणि नसणे यात फार फरक पडतो.

मग प्रगती कशी करायची? आम्ही साधे सांगतो. संहिता मुळातून वाचा, कोणाच्या स्लाइडवरून नको. पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, ओव्हरटाइम यांचा हिशेब स्वतःच्या हाताने करता आला पाहिजे. इंग्रजीत पत्र नेमके लिहायला शिका, पण झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी विसरू नका. कामगाराची भाषा येणे ही या पदाची पात्रता आहे, तिची लाज कसली? २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती लागते. ती भिंतीवरच्या कागदावर आहे की खरोखर बसते, ते पाहा. मुलाखतीत उमेदवाराला नाकारले तर कारण लेखी नोंदवा. कारण लिहावे लागले की आडनाव पाहून नाकारणाऱ्याचा हात थबकतो.

आणि रोजची प्रेरणा हवी असेल तर संध्याकाळी घरी जाताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. आज माझ्या हातून कोणाचे नाव हजेरीपटावर आले? आज कोणाला नापास केले आणि त्याचे कारण मी त्याच्या तोंडावर सांगू शकतो का? आज कोणाचा पैसा माझ्या टेबलावर अडून राहिला? पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि तिसऱ्याला मिळाले नाही, तर तो दिवस चांगला गेला समजा.

१९५४ मध्ये बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. विडी मजुराच्या किमान वेतनाचे विधेयक मांडणाऱ्या माणसाला विडीच्या जिल्ह्याने लोकसभेत पाठवले नाही. ते कर्ज आपल्यावर आहे. जयंतीला मिरवणूक काढून ते फिटणार नाही. जिल्ह्यातल्या, राज्यातल्या प्रत्येक एचआरच्या टेबलावर कामगाराला त्याचे नाव, त्याचा हिशेब आणि त्याचा मान मिळू लागेल, तेव्हा त्यातला थोडासा हप्ता फिटेल.

जय भीम!