डिलाईल रोडच्या गच्चीवर ड्रॅगन फ्रूट

ना. म. जोशी मार्ग असे नामकरण होऊनही गिरणगावाच्या तोंडी डिलाईल रोड हेच नाव राहिले. येथील घरगुती बाग म्हणजे बहुधा खिडकीच्या जाळीतली तुळस, कोरफड आणि एखाद्या डब्यात जोपासलेले ब्रह्मकमळ. हिमालयातील खरे ब्रह्मकमळ वेगळेच. मुंबईकर ज्याला त्या नावाने ओळखतो, तो निवडुंग कुळातील वेल आहे. ड्रॅगन फ्रूट हे त्याचेच जवळचे भावंड. पावसाळी रात्री ब्रह्मकमळ उमलताना पाहण्यासाठी ज्याने शेजाऱ्यांना हाक मारली असेल, त्याला या फळझाडाचा स्वभाव निम्मा कळलेला असतो.

मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे फळ व्हिएतनाममार्गे आपल्या बाजारात रुळले. महाराष्ट्रात सांगली, सोलापूरकडील कमी पावसाच्या भागात त्याच्या बागा उभ्या राहिल्या. सांगली जिल्ह्यातील तडसर येथील फळे २०२१ मध्ये दुबईला निर्यात झाली. गुजरात सरकारने त्याच वर्षी त्याचे 'कमलम्' असे बारसे केले, पण मुंबईच्या फळवाल्याकडे ते ड्रॅगनच राहिले. कोरड्या माळावर सुखाने वाढणाऱ्या या वेलीला मुंबईचा पाऊस मानवेल का, हा खरा प्रश्न आहे. मानवतो, मात्र पाण्याचा निचरा आणि ऊन या दोन गोष्टींत तडजोड चालत नाही.

दिवसाला किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे. बीडीडी चाळींची रचना मधला बोळ व दोन्ही बाजूंना खोल्या अशी; तेथे खिडकीत वेल जगेल, फळेल याची खात्री नाही. दक्षिणेची खिडकी बागेला उत्तम, हा समजही येथे पुरता लागू पडत नाही. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य मुंबईच्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कललेला असतो आणि नेमक्या याच काळात कळ्या धरतात. त्यामुळे मोकळी गच्चीच बरी. गच्ची सामाईक असल्याने सोसायटीची परवानगी आधी घ्यावी. पन्नास लिटरचा ड्रम ओल्या मातीसह साठ-सत्तर किलोंच्या घरात जातो. जुन्या इमारतीत तो स्लॅबच्या मध्यभागी न ठेवता तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर ठेवावा. कठड्यावर तर कधीच नको. खाली वाहता रस्ता आहे.

बियांपासून फळ यायला अनेक वर्षे लागतात, म्हणून वीतभर ते फूटभर लांबीचा पक्व फाटा घ्यावा. कापलेली बाजू सावलीत आठवडाभर सुकू द्यावी, मग लावावी. ओला काप मातीत गेला की कुजतो. लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू वा विटांचे बारीक तुकडे असे सच्छिद्र मिश्रण करावे. ड्रमच्या मध्यभागी काथ्या गुंडाळलेला चार-पाच फुटी पाइप रोवून वर जुना टायर बसवावा. एकच खोड वरपर्यंत चढवून शेंडा खुडला की फांद्या टायरवरून खाली लोंबतात. फुले याच फांद्यांवर येतात. नीट वाढलेल्या फाट्याला दुसऱ्या वर्षापासून फळाची आशा धरता येते.

पावसाळ्यात ड्रमखालची थाळी काढून टाकावी. मुळांसाठी ती घातक आहेच, शिवाय साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. खोडावर तपकिरी मऊ डाग दिसला तर तो भाग निरोगी पेरापर्यंत कापून टाकावा.

फूल सूर्यास्तानंतर उमलू लागते आणि सकाळी मिटते. मायभूमीत वटवाघळे व पतंग परागीभवन करतात. येथे पहाटे मधमाशी आली तर आली. भरवसा ठेवायचा तो मऊ ब्रशवर. रात्री दहाच्या सुमारास पिवळे परागकण वाटीत झाडून घ्यावेत आणि मधोमध पुढे आलेल्या, चांदणीसारख्या फाटे फुटलेल्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावेत. पांढऱ्या गराच्या जातीत स्वतःचे पराग बहुधा चालतात. लाल गराच्या अनेक जातींना मात्र दुसऱ्या जातीचे लागतात. एकच रोप लावून वर्षानुवर्षे फळाची वाट पाहणाऱ्यांची अडचण पुष्कळदा हीच असते. पाऊस असेल तर फुलावर प्लास्टिकची टोपी धरावी, पण खालून हवा खेळू द्यावी. पुढच्या आठवड्यात फुलाखालचा भाग हिरवाच राहिला तर फळ धरले. पिवळा पडला तर गळणार.

फूल आल्यापासून साधारण महिन्याभरात साल गुलाबी होते. तोडल्यानंतर हे फळ पिकून गोड होत नाही, म्हणून रंग आल्यावर आणखी चार-पाच दिवस वेलीवरच ठेवावे. मात्र कावळे, बुलबुल आणि उंदीर यांच्यापासून जाळीच्या पिशवीने जपावे. खवल्यांची टोके सुकू लागली की कात्रीने देठाचा छोटा तुकडा ठेवून कापावे. ओढून तोडल्यास फांदी जखमी होते आणि पावसात त्या जखमेतून कुज शिरते. हंगाम संपल्यावर दाटी झालेल्या फांद्या छाटाव्यात. हेच फाटे सुकवून शेजाऱ्यांच्या कुंडीत लावता येतात.