पाणी वगळून : खोक्यातला केक आणि पाककृतीचे कर्तृत्व

अमेरिकेत घरोघरी परिचित असलेली एक पाककृती प्रथम वाचकांपुढे ठेवतो. चॉकलेट केकच्या तयार मिश्रणाचा एक खोका, दोन अंडी आणि अर्धा कप तेल, एवढेच साहित्य. हे सारे कालवले की घट्टसर गोळा होतो. त्याचे लहान लिंबाएवढे गोळे करून ते ३५० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे सुमारे १७७ अंश सेल्सिअसवर, ८ ते १० मिनिटे भाजायचे. निवल्यावर त्यांवर डब्यातले तयार फ्रॉस्टिंग, म्हणजे साखर व स्निग्ध पदार्थ यांचा मऊ लेप, फासायचा. चॉकलेट कुकीज तयार.

या पाककृतीत पाकशास्त्रदृष्ट्या फारसे काही नाही, हे उघड आहे. परंतु तिच्यासंबंधी एक प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारावा असा आहे: ही कृती कोणाची? मिश्रण कारखान्याचे, लेप कारखान्याचा, खोक्यावरच्या सूचनाही कारखान्याच्याच. मग करणारीच्या वाट्याला काय उरते? विसाव्या शतकातील अमेरिकन गृहिणीने या प्रश्नाला दिलेले उत्तर आम्हांला महत्त्वाचे वाटते, आणि ते नेहमी सांगितल्या जाणाऱ्या इतिहासात सापडत नाही.

या इतिहासाचा आरंभ होतो तो मोलॅसिसपासून. मोलॅसिस म्हणजे आपल्या काकवीच्या जातीचा दाट, काळपट पाक. पिट्सबर्ग येथील पी. डफ अँड सन्स ही कंपनी त्याचा व्यापार करीत असे. हा पाक सुकवून पिठात मिसळण्याची एक रीत जॉन डफ यांनी शोधली आणि १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला. पेटंट १९३३ साली मिळाले. त्या मिश्रणात गव्हाचे पीठ, साखर, स्निग्ध पदार्थ, सोडा, सुंठ, दालचिनी आणि अंड्याची भुकटी, सारे काही होते. गृहिणीने घालावयाचे ते फक्त पाणी. या शोधाचा सारा दावा त्या ‘फक्त पाणी’ या दोन शब्दांत सामावला होता. हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिठाच्या मोठ्या गिरण्या या धंद्यात उतरल्या. जनरल मिल्सने १९४७ साली ‘बेटी क्रॉकर’ या नावाने केक-मिक्स बाजारात आणले. १९४८ साली पिल्सबरी आले. १९५१ साली डंकन हाइन्स. येथपासून पुढची कथा बहुतेक ठिकाणी एकाच साच्यात सांगितली जाते. ती अशी: केक-मिक्सचा खप थंडावला, तेव्हा जनरल मिल्सने अर्नेस्ट डिक्टर यांना पाचारण केले. व्हिएन्नात जन्मलेले आणि १९३८ साली अमेरिकेत आलेले हे मानसशास्त्रज्ञ ग्राहकाच्या अंतर्मनाचा ठाव घेण्याबद्दल विख्यात होते. त्यांचे निदान असे की, ‘फक्त पाणी’ घालून केक करताना गृहिणीला अपराधी वाटते. आपण काही केलेच नाही अशी टोचणी तिला लागते. उपाय साधा: मिश्रणातून अंडे काढा आणि ते तिला घालू द्या. अंडे परत मिळाले, टोचणी गेली, खप वाढला.

कथा सुबक आहे. व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि जाहिरातीच्या पुस्तकांत ती पुनःपुन्हा सांगितली जाते. परंतु कागदपत्रे तिला दुजोरा देत नाहीत. डफ कंपनीला १९३५ साली मिळालेल्या दुसऱ्या पेटंटातच ताजे अंडे घरी घालण्याची तरतूद आहे, आणि त्याचे कारणही तेथेच नोंदले आहे: गृहिणींना ताजे अंडे अधिक पसंत असते. म्हणजे डिक्टर अमेरिकेत पाऊल ठेवण्यापूर्वीच अंड्याचा प्रश्न उपस्थित झाला होता. शिवाय ताज्या अंड्याने केक अधिक चांगला होतो, ही साधी व्यावहारिक गोष्टही होतीच. लॉरा शापिरो यांच्या २००४ सालच्या ‘समथिंग फ्रॉम दि ओव्हन’ या ग्रंथात या साऱ्याचा साक्षेपी परामर्श घेतलेला आहे.

मग ही दंतकथा इतकी का रुजली? आमच्या मते, तिच्यात कर्तेपण कोणाकडे जाते ते पाहावे. गृहिणीला चव कळते, म्हणून तिने ताजे अंडे मागितले, असे म्हटले तर ती जाणकार ठरते. एका विद्वान पुरुषाने तिचे मन ओळखून तिला अंडे बहाल केले, असे म्हटले की ती केवळ एक रुग्ण ठरते. पहिली गोष्ट पेटंटाच्या मजकुरात पडून राहिली आणि दुसरी जगभर गेली.

अर्थात टोचणी अगदीच काल्पनिक होती, असे आम्ही म्हणत नाही. मेसन हेअर या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात बोलका आहे. त्याने गृहिणींच्या दोन गटांना किराण्याच्या दोन याद्या दाखवून त्या करणाऱ्या बाईचे वर्णन करण्यास सांगितले. याद्या हुबेहूब सारख्या, फरक एकच. एकीत दळलेली नेहमीची कॉफी होती, तर दुसरीत झटपट विरघळणारी. झटपट कॉफीची यादी पाहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी त्या अज्ञात बाईला आळशी ठरवले. यादीतल्या एका ओळीवरून एका बाईचे संपूर्ण चरित्र रचले गेले! येथे हेही नोंदवले पाहिजे की, हा निवाडा बायकांनीच केला होता.

मराठी वाचकाला हा निवाडा परका वाटू नये. थालीपिठाची भाजणी हेही एक तयार मिश्रणच. पाणी घाला, कांदा-मीठ घाला आणि थापा. परंतु धान्ये भाजणारी बाई घरातलीच असे, तोवर ‘हे थालीपीठ तुझे का?’ असे कोणी विचारले नाही. भाजणी पुडीतून येऊ लागली तेव्हा मात्र ‘विकतची का?’ हा प्रश्न आला. पदार्थ तोच, कृती तीच. फक्त आधीचे श्रम दृष्टीआड गेले.

श्रमांचा हा प्रश्न आता नावाच्या प्रश्नाकडे वळतो. खोक्यावर सही करणारी बेटी क्रॉकर ही बाई कधी अस्तित्वातच नव्हती. १९२१ साली वॉशबर्न-क्रॉस्बी या मिनीॲपोलिसच्या पिठाच्या कंपनीने एक कोडे प्रसिद्ध केले. त्याच्या उत्तरांबरोबर भाजकामाविषयी शंका विचारणारी असंख्य पत्रे आली. त्यांना एखाद्या स्त्रीच्या नावाने उत्तरे जावीत म्हणून हे नाव घडवले गेले. आडनाव एका निवृत्त संचालकाचे, ‘बेटी’ हे नाव ऐकायला प्रसन्न म्हणून निवडलेले, आणि सही कार्यालयातील एका कर्मचारी स्त्रीच्या अक्षरातली. १९२४ पासून ती रेडिओवर बोलू लागली. १९३६ साली तिचे चित्रही काढण्यात आले. १९४५ साली ‘फॉर्च्यून’ मासिकाने एलिनोर रूझवेल्ट यांच्या पाठोपाठ अमेरिकेतील दुसरी सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणून तिचा उल्लेख केला. पत्रांना उत्तरे लिहिणाऱ्या, कृती वारंवार करून पाहणाऱ्या स्त्रिया खऱ्या होत्या. नाव मात्र जी नव्हती तिचे झाले. टोपणनावाचा असा उलटा व्यवहार साहित्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

या पार्श्वभूमीवर कंपन्यांनी गृहिणीला एक जागा देऊ केली, ती म्हणजे फ्रॉस्टिंग. केक आम्ही देतो, सजावट तुमची. लेपाचे रंग, थर, आकार, वाढदिवसाच्या केकचे किल्ले आणि आगगाड्या, यांतच आता निर्मिती आहे, असे जाहिराती सांगू लागल्या. बेटी फ्रीडन यांनी १९६३ सालच्या ‘द फेमिनिन मिस्टिक’मध्ये या विक्रीतंत्रावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. गृहिणीला निर्मितीचा आनंद नव्हे, तर निर्मितीचा आभास विकला जातो, हा त्यांचा आक्षेप आजही वाचण्यासारखा आहे.

परंतु फ्रीडन यांच्या विवेचनाबाहेर एक गोष्ट राहते. गृहिणी सूचना पाळत होत्या, तशा मोडतही होत्या. १९६६ साली पिल्सबरीच्या पाककृती-स्पर्धेत एका स्पर्धक स्त्रीने फ्रॉस्टिंगची कोरडी पूड केकवर न फासता पिठातच घातली. भाजल्यावर आत मऊ चॉकलेटचा बोगदा तयार झाला. ‘टनेल ऑफ फज’ या नावाने गाजलेल्या त्या केकला दुसरे पारितोषिक मिळाले. वर फासण्याची वस्तू आत गेली. सजावट म्हणून दिलेली जागा तिने नाकारली.

आरंभी दिलेल्या कुकीजची गोष्ट याच जातीची आहे. चॉकलेट केकच्या खोक्यावर साधारणतः तीन अंडी, अर्धा कप तेल आणि सुमारे सव्वा कप पाणी सांगितलेले असते. कुकीसाठी तेल तसेच ठेवायचे, एक अंडे कमी करायचे, आणि पाणी घालायचेच नाही. एवढ्याने ओतावे लागणारे पातळ पीठ हाताने वळता येण्याजोगे होते आणि केकची कुकी होते. म्हणजे १९३३ साली जी एक गोष्ट गृहिणीसाठी शिल्लक ठेवली होती, नेमकी तीच येथे वगळली जाते. संपादनात ज्याला आपण काटछाट म्हणतो, त्याचा याहून नेमका नमुना सापडणे कठीण.

अशा कृती चर्चची मंडळे आणि महिला संघटना यांनी निधीसाठी छापलेल्या, प्लास्टिकच्या काट्यांनी बांधलेल्या पुस्तकांतून विखुरलेल्या आहेत. कंपन्यांनीही त्या लवकरच खोक्यांवर छापल्या, हे खरे. पण त्या घरगुती पुस्तकांत प्रत्येक कृतीखाली देणारीचे नाव असे. जुन्या पुस्तकांत ते अनेकदा पतीच्या नावाने येते: मिसेस अमुक तमुक. जी बाई नव्हतीच तिला स्वतःचे नाव, आडनाव आणि वळणदार सही लाभली. जिने कृती दिली ती पतीच्या नावामागे उभी राहिली. पाककृतींच्या पुस्तकांचा अभ्यास करणाऱ्याने या दोन सह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

या स्वातंत्र्याला मर्यादा होती, हेही सांगितले पाहिजे. या कृतींत ‘एक खोका’ हेच माप आहे आणि खोका कंपनीच्या हातात. पूर्वी १८.२५ औंसांचा असलेला खोका १५.२५ औंसांवर आला. काही मिश्रणे तर १३.२५ औंसांपर्यंत उतरली. ५१७ ग्रॅमचे ४३२ आणि मग ३७६ झाले; दोन अंडी आणि अर्धा कप तेल मात्र तेवढेच राहिले. परिणामी आजीच्या कार्डावरची कृती तंतोतंत पाळली तर गोळा सैल होतो आणि कुकी तव्यावरच्या धिरड्यासारखी पसरते. शब्द तेच राहिले, त्यांचा अर्थ कारखान्यात बदलला.

अशा वेळी नात काय करते? ती कपाटातले साधे पीठ काढते आणि हाताला नीट लागेपर्यंत चमचा चमचा घालत जाते. कार्डावर ते कोठेही लिहिलेले नसते. पुढे कधीतरी समासात, पेन्सिलीने, ती ते लिहून ठेवते.