इंडिया विक्स : धास्तीच्या आकड्याची कुळकथा

बाजार उघडला की निफ्टीच्या शेजारी एक आकडा झळकतो: इंडिया विक्स. लोक त्याला ‘भीतीचा निर्देशांक’ म्हणतात. मला तो विम्याच्या हप्त्यासारखा वाटतो. धोका वाढला असं वाटलं की हप्ता चढतो.

त्याचं मूळ शिकागोचं. बाजार काल किती हलला हे न पाहता, पुढच्या ३० दिवसांत तो किती हलेल असं लोकांना वाटतं, ते ऑप्शनच्या, म्हणजे ठरल्या भावानं पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, भावांतून काढायचं, हे सूत्र रॉबर्ट व्हेली यांनी १९९३ मध्ये तिथल्या ऑप्शन बाजारासाठी बसवलं. २००३ मध्ये ते नव्यानं बांधलं गेलं.

पण ऑप्शनच नसतील तर? मुंबईत ‘तेजी-मंदी’ नावाचे ऑप्शनचे सौदे जुने, मात्र १९५६ च्या कायद्यानं त्यांवर बंदी आली. ती १९९५ मध्ये उठली आणि निफ्टीचे ऑप्शन सुरू व्हायला जून २००१ उजाडलं. म्हणजे १९९२ मध्ये हर्षद मेहता प्रकरणात बाजार कोसळला, तेव्हा चढउतार मोजायला हाताशी फक्त होऊन गेलेले भाव होते.

फ्युचर्सचं, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यांचं, मार्जिन (अनामत) ठरवायला १९९८ मध्ये जे. आर. वर्मा समितीनं याच मागच्या भावांवर एक नेटका हिशोब दिला. चढउताराच्या कालपर्यंतच्या अंदाजाच्या वर्गाला ९४ टक्के वजन, आजच्या हालचालीच्या वर्गाला ६ टक्के. अंदाज १ टक्क्याचा असताना बाजार ४ टक्के पडला, तर नवा अंदाज सुमारे १.४ टक्के. हा हिशोब घाबरतो, पण बेतानं.

२००८ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजारानं इंडिया विक्स आणला. शिकागोचं सूत्र मात्र जसंच्या तसं चालेना. चालू भावापासून दूरच्या स्ट्राइकला (ऑप्शनमधल्या ठरल्या भावाला) इथे गिऱ्हाईक कमी. खरेदी-विक्रीच्या बोलींत भलतं अंतर. म्हणून ३० टक्क्यांहून जास्त अंतराच्या बोली गाळायच्या आणि तिथले भाव गणिती वक्र बसवून भरून काढायचे, असं ठरलं. तेव्हा या आकड्यात कुणीच न बोललेले भावही मिसळलेले असू शकतात, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

विक्स १६ असेल तर रोज साधारण १ टक्का हालचाल अपेक्षित, असा ढोबळ हिशोब. मार्च २०२० मध्ये तो ८० पार गेला होता. २६ फेब्रुवारी २०१४ ला खुद्द विक्सचेच फ्युचर्स निघाले. त्यांत बाजार काही रमला नाही.